पारोसा देव

रविवारी सकाळी सव्वासात वाजता अनुष्कानं लॅबचं दार उघडलं आणि तिला लिंबाचा वास आला. तसा पुसटच होता. पण या खोलीत वासाला थारा नव्हता. अॅसिटोनचा आला तर तो हुडाच्या पंख्यानं ओढून न्यावा, माणसांचा आला तर एसीनं, अशी इथली व्यवस्था. त्यामुळे तो वास दारातच अंगावर आला आणि तिला न विचारता तिच्या तोंडाला पाणी सुटलं. पुढे दिवसभर तिला याचाच राग येत राहिला, की आधी पाणी सुटलं आणि मग ट्रेकडे लक्ष गेलं. टेबलावरच्या ट्रेमध्ये गुरुवारी ठेवलेल्या चौदाच्या चौदा मूर्ती जागेवर होत्या. तेरा तशाच, शेवाळी-काळपट, अंगावर शतकांची साय धरलेल्या. चौदावी मात्र न्हाणीघरातल्या नव्या तोटीसारखी लखलखत होती. तिच्यापुढे कागदी रुमालाची नीट घडी, घडीवर फाडलेली साखरेची पुडी आणि चिमूटभर साखर. मुंगी नव्हती. दोह्यातल्या मुशैरिब भागातल्या या इमारतीत मुंग्याही पास दाखवल्याशिवाय येत नसाव्यात.

मूर्ती वीतभरही नव्हत्या. नागडं मूल, भादरलेलं डोकं, उजव्या कानामागून खांद्यावर उतरलेली एकच बट, उजव्या हाताचं पहिलं बोट ओठांशी. काही उभे, काही बसलेले, एकाच्या डोक्यावर उंच टोपी, एकाचा पाय तुटलेला, पण सगळा इजिप्तमधला एकच बालदेव. तिथली माणसं त्याला बाळ होरस म्हणत. ग्रीकांनी नाव आपल्या जिभेला वळवून हार्पोक्रेटीस केलं. अडीच हजार वर्षांपूर्वी ओतारी असे देव ब्राँझमध्ये ओतत आणि माणसं ते देवळात नवसाला वाहत. मूल व्हावं म्हणून, झालेलं जगावं म्हणून, ताप उतरावा म्हणून. वाहिलेले देव इतके साठत की पुजाऱ्यांना जागा पुरत नसे. मग ते आवारातच खड्डा काढून देव पुरत, कारण एकदा वाहिलेलं बाहेर फेकून देता येत नसे. अनुष्काला हे सगळं नोकरी लागल्यावर कळलं. ती नाशिकची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, गंजाचा अभ्यास केलेली. एका खाजगी संग्रहाला वस्तूंची निगा राखायला माणूस हवा होता आणि तिला दोहा हे गाव नकाशावर कुठे येतं एवढंच माहीत होतं. आता दीड वर्ष झालं होतं. चौदापैकी पाच मूर्तींच्या तळाशी वाहणाऱ्याचं नाव कोरलेलं होतं आणि तीन आठवड्यांनी सगळ्या चौदा मूर्तींचं प्रदर्शन होतं. प्रदर्शनाच्या पाटीवर व्यवस्थापक जियादनं 'मौनाचा देव' असं छापायला दिलं होतं. ते चूक आहे, बोट तोंडाशी नेणं म्हणजे त्यांच्याकडे नुसतं लहान मूल असणं, गप्प राहण्याचा अर्थ नंतरच्या लोकांनी चिकटवला, असं तिनं तीनदा लिहून कळवलं होतं. तीनदा उत्तर आलं होतं, 'नोटेड'.

ती खुर्चीवर बसली नाही. हातमोजे चढवून तिनं भिंग घेतलं. चमकणाऱ्या मूर्तीच्या नाकाच्या खाचेत पांढरे बारीक कण अडकले होते. मीठ. लिंबू आणि मीठ. हे इथे कोणाला सुचेल, हा प्रश्न तिला पडलाच नाही. या इमारतीत पितळेचे देव लिंबू-मिठानं घासून काढणारी दोनच माणसं होती आणि त्यातली एक ती स्वतः. नाशिकला दिवाळीआधी आई चिंच कोळून त्यात मीठ घालायची, परातीत सगळे देव उताणे पडलेले असायचे आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना अनुष्कानं तिला आम्लाची आणि ऑक्साइडची सगळी अभिक्रिया समजावून सांगितली होती, वर क्लोराइडचा धोकाही. आई म्हणाली होती, "समीकरण झालं असेल तर तो बाळकृष्ण घास. पाठीकडनं राहिलाय." तेव्हाही तिला अशीच चीड आली होती. बरोबर असूनही काही उपयोग न होण्याची चीड. आणि तिनं पाठ घासली होती.

दुसरं माणूस म्हणजे किसनकाका. बीडकडचे, पन्नाशी ओलांडलेले, सफाईच्या कंपनीतर्फे येणारे. राहायला बरवा अल बराहाच्या कामगार वसाहतीत, एका खोलीत सहाजण. पूर्वी एकदा मस्कतला गेले होते ते सहा महिन्यांतच कंपनीनं परत पाठवलं. तेव्हापासून गावात त्यांना कोणी किसन म्हणत नाही, मस्कत म्हणतात. "आता हिथून बी परत गेलो तर दोन देशांचं नाव लावतील," असं ते हसत सांगायचे, पण सांगताना पोछा जरा जोरात दाबायचे. अनुष्का मराठी आहे हे कळल्यापासून ते लोकांसमोर तिला मॅडम आणि एकटी असली की ताई म्हणत. गुरुवारी दुपारी साडेचारला ते लादी पुसत होते आणि ती पाठीवर सॅक अडकवून निघाली होती. ट्रे खरं तर कपाटात जायला हवा होता. किल्ली नोंदी ठेवणाऱ्या समीनाकडे, आणि समीना चारलाच गेलेली. राहू दे रविवारपर्यंत, असं अनुष्कानं ठरवलं, तिसऱ्यांदा वाजणारा ड्रायव्हरचा फोन कापत.

"काय वो ताई, ह्यो कोन देव?"

"इजिप्तचा बाळकृष्ण समजा."

किसनकाका वाकले. हात मागे बांधून, एखाद्याच्या तान्ह्या मुलाकडे बघतात तसे. "बोट तोंडात हाय. लोनी चाटतोय जनू. उद्या अष्टमी. ह्याला कुनी अंघोळ घालीत आसंल का हो?"

"घाला की तुम्ही. अडीच हजार वर्षांचा पारोसा आहे बिचारा."

दोघंही हसले. ती दारापर्यंत पोचली तरी किसनकाकांचं हसणं चालूच होतं. एवढंच झालं होतं. आठ-दहा शब्द. ती ते रविवारी सकाळपासून मोजत होती, जणू कमी निघाले तर गुन्हाही कमी निघेल.

आठ वाजता समीना आली, साडेआठला जियाद आणि नऊ वाजता तिघंही कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर उभी होती. चित्रण स्वच्छ होतं आणि त्याला आवाज नव्हता. चार एक्केचाळीस. पडद्यावरची अनुष्का मूर्तीकडे बोट करते, सॅकचा पट्टा ओढते, काहीतरी बोलते, दोघं हसतात. तिनं स्वतःला असं वरून, कोपऱ्यातून, कधी पाहिलं नव्हतं. हसताना ती मान जरा जास्तच मागे टाकत होती. पाच वीस. किसनकाका चहाच्या खोलीतून कप घेऊन येतात, चपला दाराबाहेर काढतात आणि अनवाणी आत येतात. सतरा मिनिटं त्यांची नुसती पाठ दिसत राहते, खांदे हलताहेत. मग ते हात जोडतात. जियादनं चित्र तिथेच थांबवलं.

"त्याआधी तू त्याच्याशी काय बोलत होतीस?" त्यानं इंग्रजीत विचारलं.

"मूर्तीबद्दल."

उत्तर खरं होतं. मोजपट्टी लावली असती तरी खरं निघालं असतं. जियादनं मान डोलावली आणि ती बाहेर आली तेव्हा तिचे कान गरम झाले होते. किसनकाकांना खाली बोलावून विचारलं गेलं होतं. त्यांनी हिंदीत 'गलती हो गया सर' एवढंच म्हटलं होतं, तीनदा. तिचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. पास काढून घेऊन त्यांना तळघरात बसवून ठेवलं होतं. विमा कंपनीला तीन वाजेपर्यंत अहवाल हवा होता; अहवाल अनुष्कानं लिहायचा, नुकसानीचं कारण तिनं ठरवायचं आणि त्यावरून किसनकाकांचं तिकीट काढायचं की नाही ते ठरणार.

"अगो, तुझं काय जातंय?" अनुष्काकडून थट्टेचं ऐकून समीना जेवणाचा डबा उघडत म्हणाली. ती रत्नागिरीची, वीस वर्षं इथेच, आणि कागदावर जे नाही ते झालंच नाही या मताची. "कॅमेऱ्यात घासताना तो दिसतो, तू नाहीस. जे दिसतं ते लिही नि सही करून मोकळी हो. तोंड असं एरंडेल प्यायल्यासारखं नको करू, जियादला वास लागेल."

"पण जियादला सगळंच त्यांच्या माथी मारायचंय. डागसुद्धा."

"मग ते भांड. भांडायला तुला कोणी नको म्हटलंय? फक्त भांडताना स्वतःच्या पायावर पडेल असं काही उचलू नको."

डागांचं असं होतं. दोन, पाच, सहा आणि अकरा या क्रमांकांच्या मूर्तींवर गेल्या पंधरा दिवसांत पिस्त्याच्या रंगाचे ठिपके उठले होते. पुरलेल्या ब्राँझमध्ये जमिनीतला खार मुरलेला असतो. हवा कोरडी असेतो तो निजून राहतो. दमट झाली की जागा होतो आणि मूर्तीला आतून भुगा करत सुटतो. एकदा सुरू झालं की आपण होऊन थांबत नाही. म्हणून या खोलीतली हवा सुकी ठेवणारं यंत्र होतं, ते सहा आठवड्यांपूर्वी बंद पडलं होतं आणि बाहेर सप्टेंबरची सुरुवात म्हणजे रस्त्यावर चष्म्याच्या काचा धुरकटण्याचे दिवस. अनुष्कानं तीन ईमेल पाठवले होते. पहिल्याला उत्तर आलं की कळवलं आहे. दुसऱ्याला, की माणूस येईल, इन्शाल्ला. तिसऱ्याला आलंच नाही. आता चमकलेली एक आणि डागाळलेल्या चार अशा पाचही मूर्ती लिंबाच्या खात्यात टाकायच्या, असा जियादचा विचार होता. एक माणूस, एक लिंबू, एक कारण. "विमावाल्यांना दोन कारणं आवडत नाहीत," तो म्हणाला होता.

तिनं आलेख काढला. काढताना तिला बरं वाटू लागलं, आणि बरं वाटतंय हे लक्षात येऊन पुन्हा वाईट वाटलं. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर हवेतली आर्द्रता. जिथे यंत्र बंद पडलं तिथून रेघ चाळिशीवरून साठीकडे चढत जाणारी. ठिपके दिसल्याची तारीख तिनं लाल टिंबानं दाखवली. ईमेलच्या तारखा निळ्या. इतका नेटका आलेख तिनं परीक्षेतही काढला नव्हता. एका माणसाची नोकरी वाचवायला तिच्याजवळ दोन खरी वाक्यं होती. त्यातलं एक, की हे यंत्र बंद होतं, ती ठळक टायपात लिहीत होती, आणि दुसरं, की अंघोळ घाला असं मी म्हणाले, त्याला तिच्या आलेखात अक्षच नव्हता. ती पुनःपुन्हा त्या वाक्याजवळ जाई आणि प्रत्येक वेळी एखादा आकडा तपासायचा राहिलेला सापडे. शाळेत प्रयोगाची वही लिहिताना बाई सांगत, निरीक्षण आणि मत वेगळं ठेवा. थट्टा निरीक्षणात बसते की मतात? ती उठून हात धुऊन आली. हातांना कसलाच वास नव्हता, तरी तिनं दोनदा धुतले. परत आली तेव्हा सव्वा वाजला होता आणि तिनं शेवटचं वाक्य लिहिलं: 'मूर्ती क्रमांक दोन, पाच, सहा आणि अकरा यांना कोणाचाही हात लागलेला नसून त्यांची हानी केवळ आर्द्रतेमुळे झाली आहे.'

बैठकीत ती भांडली. आवाज चढला, मग फाटला, पण मागे हटली नाही. जियादनं आलेख आधी लांबून पाहिला, मग चष्मा लावून. निळी टिंबं त्याच्या नावानं गेलेल्या ईमेलची होती, आणि हा कागद विमावाल्यांकडे जाणार होता. त्यानं एकदा समीनाकडे पाहिलं. समीना फायलीला टाचण्या लावत होती.

"ठीक," तो शेवटी म्हणाला. "चार मूर्ती हवेमुळे. एक, सफाईतली अनवधानाची चूक. त्याला परत पाठवणार नाही. लेखी ताकीद आणि दुसरीकडे बदली. द पर्लमधल्या इमारतींत त्यांच्या कंपनीला माणसं लागतात. यंत्राचा माणूस उद्या आठला येईल, मी स्वतः बोलतो. झालं समाधान?"

अहवालावर तिची सही झाली. दोन वाजून चाळीस मिनिटांनी तो विमा कंपनीकडे गेला. समीना 'शाबास गो' असं ओठ न हलवता म्हणाली आणि निघून गेली. आणि आता, सगळं मनासारखं झाल्यावर, ते वाक्य अनुष्काच्या तोंडून सुटलं. "जियाद, गुरुवारी मी त्याला म्हणाले होते की घाल अंघोळ."

जियाद लॅपटॉप मिटता मिटता थांबला. "परवानगी दिलीस?"

"नाही. थट्टा केली."

"तुला परवानगी द्यायचा अधिकार आहे?"

"नाही."

"मग जी दिली नाहीस आणि देऊ शकत नव्हतीस, त्याबद्दल मी काय लिहू? पाटीवरच्या एका शब्दासाठी तू मला तीन ईमेल पाठवतेस. आता तूही नेमकं बोल." त्याला खरंच गंमत वाटली होती. "खलास, अनुष्का. जा, काहीतरी खाऊन घे."

तर इतकं सोपं होतं. दिवसभर जे जिभेवर अडलं होतं ते बाहेर पडलं आणि कोणी वाकून उचललंसुद्धा नाही. ती लिफ्टनं तळघरात उतरली. ज्याचं देणं होतं त्यालाच देऊन टाकावं. सामान चढवायच्या ओट्यापाशी किसनकाका चपट्या केलेल्या खोक्यांवर बसले होते. शेजारी पिशवी, पिशवीत गणवेशाची घडी. बदलीचं त्यांना कळलं होतं, हे त्यांच्या सैल पडलेल्या खांद्यांवरून दिसत होतं. बस तीनला यायची होती.

"काका, मला सांगायचंय. गुरुवारी मी जे बोलले, अंघोळ घाला म्हणून, ते मी सकाळी साहेबांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. तुमच्यावर हे माझ्यामुळे आलं."

किसनकाकांच्या चेहऱ्यावर आला तो राग नव्हता, किंचित अपमान होता. "तुमच्यामुळं कामून? थट्टा कळती ना मला, ताई. एवढा का खुळा हाय म्या? तुमी बोलायच्या आदीच लिंबू फ्रिजमधून काढून ठिवलं होतं, देवाचं नाव तेवढं ठावं नव्हतं. देवाला अंघोळ घालाया कुनाला इचारायचं आसतं व्हय?"

सकाळपासून ती जे ओझं अंगावर घेऊन फिरत होती ते तिचं नव्हतंच. हलकं वाटायला हवं होतं. त्याऐवजी कोणीतरी भर रस्त्यात आपल्याला दुसऱ्याच नावानं हाक मारून 'माफ करा' म्हणावं तसं वाटलं.

"आन् ही काय पहिली बारी न्हाई," किसनकाका म्हणाले. आता सगळं निभावलं होतं, त्यांना बोलायचं होतं. "सरावनाच्या पहिल्या सोमवारी बी म्या चौघांना पुसून काढलं. तुमी जेवाया गेल्या होत्या, ट्रे टेबलावरच होता. तवा धीर झाला न्हाई, म्हनून लिंबू न्हाई लावलं. नुसतं मिठाचं पानी. पर त्येंनी काय उजळायचं नाव घेतलं न्हाई बघा. म्हनून ह्या टायमाला लिंबू."

"कोणते चार?" तिनं विचारलं. आवाज तिचाच होता.

"एक उंच टोपीवाला. एक पाय तुटलेला, त्येची लई कीव आली. आन् दोन बसलेले, ते जुळे."

दोन. पाच. सहा आणि अकरा. ती मनात पुन्हा जुळवत राहिली, एखादा तरी क्रमांक चुकावा म्हणून. चुकला नाही. तीन आठवड्यांपूर्वी वरून मिठाचं पाणी, मग हवेतली ओल, मग ठिपके. याहून साधा प्रयोग पहिल्या वर्षालाही देत नाहीत. तिचा आलेख बरोबर होता, रेघ खरी होती, टिंबं खरी होती, आणि त्याखालचं वाक्य सहीसकट खोटं होतं. कोणाचाही हात लागलेला नसून. केवळ आर्द्रतेमुळे. दुसऱ्या मजल्यावर जियाद अजून असेल. वर जायला लिफ्टला वीस सेकंद लागतात. वर गेलं की अहवाल परत मागवला जाईल. परत आला की पाचही मूर्ती लिंबू-मिठाच्या खात्यात, यंत्राचा माणूस पुन्हा इन्शाल्ला, आणि हे समोर बसलेले गृहस्थ विमानात, बीडला, दोन देशांचं नाव लावून घ्यायला. आज जे काही नीट झालं होतं ते सगळं त्या एका चुकीच्या वाक्यावर तोललेलं होतं आणि ते वाक्य तिनं भांडून, आवाज फाटेपर्यंत, मिळवलेलं होतं. जाते वर, असं ती स्वतःला म्हणत होती आणि त्याच वेळी डोक्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात हिशोब सुरू झाला होता. चार मूर्ती, चार स्वतंत्र भांडी, शुद्ध पाणी, रोज बदलायचं, बदललेल्या पाण्यात खार किती उतरला ते मोजायचं, तो उतरायचा थांबेपर्यंत. दोन महिने लागतील. चार महिनेही लागतील. प्रदर्शनाला दहाच मूर्ती जातील, आणि का, ते कोणाला सांगता येणार नाही.

"हे वर कोणाला सांगितलंत, काका?"

"कुनी इचारलंच न्हाई."

उतारावरून बस आली. किसनकाका पिशवी उचलून उभे राहिले. ती त्यांच्या वाटेत उभी होती आणि बाजूला सरत नव्हती.

"मीठ जाडं होतं की बारीक?"

"आँ? बारीक. तुमच्या चहाच्या खोलीतलं."

"पाणी किती?"

"येक कप."

"आणि मीठ? कपात किती घातलंत?"

"दोन चमचे की हो. देवाचं काम, तिथं हात कामून आखडायचा?" ड्रायव्हरनं 'यल्ला' म्हणून ओरडून हॉर्न दाबला तसे ते तिला वळसा घालून निघाले. पायरीवर चढून त्यांनी मागे पाहिलं. "कामून इचारता, ताई?"

अनुष्कानं खिशातली लॅबची वही काढली. तिच्या प्रत्येक पानाला छापील क्रमांक होता आणि दर महिन्याला जियाद ती तपासत असे. तिनं वर तारीख घातली, वेळ घातली. मग वही मिटली आणि डाव्या तळहातावर, पेन नीट दाबून, लिहिलं: एक कप, दोन चमचे, बारीक.